राखेनं आखलेलं घर

आमच्या शेतातला आखाडा कुणी बसवला म्हणून विचारलं, तर घरातली समदी माणसं भुजंगचं नाव घेतात. भुजंग म्हणजे माझा थोरला लेक. पाव्हणेरावळे आले की तो सोताच मिशीवरून हात फिरवीत सुरू होतो, मी जागा बघितली, मी रेघा मारल्या, मी माळवद घातलं. मी आपली कोपऱ्यात बसून सुपारी कातरते अन् ऐकते. लय वरसं ऐकलं. आता तुमी नातवंडं सुटीला आलाव अन् तुमाला बी तो तेच सांगायलाय, म्हणून बोलते. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका, अन् मधी कुणी तोंड घालू नका.

आखाडा म्हणलं की तुमाला शहरातल्या लेकरांना कुस्ती आठवंल. आमच्या भागात शेतात घर बांधलं, गोठा घातला, बायकापोरांसगट तिथंच राहायला गेलं, की त्या वस्तीला आखाडा म्हणतात. तुमी आता जिथं बसलाव तोच तो.

पण पहिल्यापासून आमी इथं न्हवतो. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं, अन् शेत पार वढ्याच्या पलीकडं. गडीमाणसं सकाळी बैलं घेऊन निघायची ती दिवस बुडता परतायची. पावसाळ्यात वढ्याला पाणी आलं की माणसं तिकडं अन् भाकरी इकडं. एवढे हाल होते, तरी शेतात राहायला जायचं नाव कुणी काढायचं न्हाई. गाव बसतं ती माती पांढरी, पीक निघतं ती माती काळी. पांढरीला गावदेवाची राखण असते, काळीवर कुणाचं लक्ष न्हाई, तिथं बाईमाणसानं मुक्काम करू नये, असं जुनी माणसं मानायची. निजामाचं राज होतं, रझाकाराची धामधूम सुरू व्हायची होती अजून. पण कोणतं बी राज असलं तरी पांढरीतून घर उठवणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवती.

माझ्या मनात हे शेत बसलं ते गाठीच्या रोगाच्या साली. घराघरात उंदरं मरून पडायला लागली, पाटलानं दवंडी दिली, अन् दोन दिसात गाव रिकामं झालं. जो तो आपापल्या रानात खोपी घालून राहिला. माझे सासू-सासरे लेकीकडं चारठाण्याला गेले. आमी दोघं अन् रांगणारा भुजंग इथं आलो. शेताच्या ह्या वरच्या अंगाला बरड होतं, खडकाळ, ज्वारी कव्हा धड आलीच न्हाई. त्या बरडावर लिंबाखाली ह्यांनी कडब्याची खोप घातली. हे म्हणजे तुमचे आजोबा, मुंजाजी.

गावावर मरण आलतं अन् मी सुखात होते. बोलू नये असं, पण होते. गावातल्या घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी बोलायचं म्हणजे लाज. सासरा वसरीत, सासू चुलीपाशी, माझा पदर कपाळाच्या खाली. ह्यांना पाणी पाहिजे असलं तर हे वसरीतल्या खांबाकडं बघून म्हणायचे, पाणी पाहिजे होतं. जसं काही खांबच उठून आणून देणार होता. लग्न होऊन लेकरू झालं तरी ह्यांचा आवाज मला नीट ठाऊक न्हवता. अन् खोपीत काही खांब न्हवता बाबा. मंग कुणाकडं बघणार? माझ्याकडं बघून बोलायला लागले.

अन् बोलायला लागले ते कसे! मला वाटलं, एवढं बोलणं ह्या माणसानं ठेवलं होतं कुठं? लहानपणी वढ्यात बुडता बुडता म्हशीचं शेपूट धरून हे वर आले, ते मला तव्हा कळलं. ह्यांना कारलं आवडत न्हाई, अन् मी लग्न झाल्यापासून आवडीचं म्हणून कारलं करून घालीत होते, ते बी तव्हाच कळलं. दुपारी लिंबाखाली भुजंग माझ्या मांडीवर झोपायचा, हे अंबाडीचा दोर वळीत बसायचे, अन् आमचं बोलणं चालायचं. हिरवी मिरची, मीठ अन् गरम भाकर. दुसरं काही न्हवतं, पण मला काही कमी वाटलं न्हाई.

एक दिवस ज्वारी निसता निसता मी म्हणले, इथं आपलं घर असतं तर मी दार उगवतीला केलं असतं. दाराच्या उजव्या अंगाला वसरीत जातं, म्हणजे दळताना थंडीचं कोवळं ऊन पाठीवर आलं असतं. चूल मागच्या अंगाला, धूर घरात कोंडू नये म्हणून. हे हसले. म्हणाले, अन् गोठा? मी म्हणले, गोठा खालच्या उताराला, घाण पाणी वाहून जाईल तिकडं. इतकंच. रोग सरला, आमी गावात परत आलो, सासू-सासरे परत आले, अन् हे परत खांबाशी बोलायला लागले.

पुढं सासरे गेले, सासू गेली. मला वाटलं, आता तरी ह्यांचं तोंड माझ्याकडं फिरंल. कशाचं काय! सवय ती सवय. धाकटा वैजीनाथ झाला, मोठा झाला, भुजंगचं लगीन झालं, पारू सून म्हणून घरात आली, अन् हे आपले खांबाला म्हणायलेत, भाजीत मीठ कमी हाय. मी बी मंग खांबाशीच भांडायचे. सांग म्हणायचे तुझ्या मालकाला, मीठ घरात संपलंय, आणलं न्हाई कुणी.

अन् एका साली होळी होऊन गेल्यावर हे जेवता जेवता म्हणाले, बरडावर घर बांधावं म्हणतो. लेकरांचा पसारा वाढायलाय, बैलं वढा वलांडून दमायलेत, आखाडाच करून टाकू.

बाई गं! माझ्या काळजात काय झालं ते कसं सांगू? तव्यावरची भाकर करपली तरी मला वास आला न्हाई. ती लिंबाखालची दुपार डोळ्यापुढं आली. मला एवढंच कळलं, की तिथं गेलो तर हा माणूस परत माझ्याशी बोलंल.

अन् मंग ह्यांनी विचारलं. खांबाकडंच बघून, पण विचारलं. "तू येशील ना?"

मी म्हणले, "मी न्हाई बाई पांढरी सोडून काळीत यायची. माझी हाडं इथंच पडू द्या."

आता हसू नका. तुमाला वाटायलंय, म्हातारी तव्हा बी याडीच होती. आमच्या काळी पहिल्या खेपंला हो म्हणायची रीतच न्हवती. पंगतीत लाडू वाढायला आला की आपण हात आडवा धरायचा, वाढप्यानं हात बाजूला सारून लाडू टाकायचा. पोराच्या लग्नात वरमाईनं रुसून बसायचं, अन् पोरीकडच्यांनी हातापाया पडून तिला उठवायचं. न्हाई रुसली तर लोकच म्हणतात, हिला काही मान न्हाई वाटतं. अन् इथं तर सासऱ्याचा उंबरा सोडायचा होता. घरच्या बाईनं टुणकन उडी मारून हो म्हणलं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. म्हणून मी मनात ठरवलं होतं, दोनदा न्हाई म्हणायचं अन् तिसऱ्यांदा डोळ्याला पदर लावून, तुमच्या समद्यांसाठी येते म्हणायचं. काय चुकलं माझं? समद्याच बायका असंच करायच्या.

हे "बरं" म्हणाले, पाणी प्याले अन् उठून गेले.

बरं! मी त्या रिकाम्या पाटाकडं बघतच राहिले. म्हणलं, ठीक हाय, गडीमाणूस हाय, घाईत असंल, सांजच्याला विचारंल. सांजच्याला विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी विचारलं न्हाई. पाडवा आला अन् गेला. मी भाकरी वाढताना मुद्दाम थांबायचे, चुलीतलं लाकूड उगीच मागंपुढं करायचे, म्हणजे विचारायला जागा मिळावी. कुठलं काय! एकदा भुजंग म्हणाला, "माय, तू काही येत न्हाईस ना मंग?" हे काय विचारणं झालं? लाडू ताटात टाकायचा सोडून टोपली घेऊन चाललास अन् वर विचारतोस, नको ना? मी बी फणकाऱ्यानं म्हणले, "न्हाई."

त्यात शेजारच्या दगडाबाईनं भर घातली. पाणी भरताना तिनं विचारलं, तुमी शेतात जायलाव म्हणं? चारचौघी बायका होत्या, मी आपलं ठसक्यात सांगितलं, ही समदी जातील, मी कशाला जाते. सांजपर्यंत दगडाबाईनं त्याचं असं केलं, की धुरपदानं, म्हणजे मी, मारुतीच्या पायरीला हात लावून शपथ घेतली, जीव गेला तरी पांढरी सोडणार न्हाई. गडीमाणसांनी पारावर ते ऐकलं. आमच्या ह्यांनी बी ऐकलं. घरी येऊन मला विचारावं तर ते न्हाई. उलट त्या दिवशी माझ्या पायाकडं बघून मान हलवली, जसं काही मोठ्या साध्वीच्या पाया पडायलेत.

अन् मंग माझ्या डोळ्यादेखत समदी तयारी सुरू झाली. माळवदाच्या छताला अन् भिंतीला पांढरी मातीच लागते, काळीची भिंत उभी राहत न्हाई. म्हणून आबासाहेब पाटलांची इजाजत काढून पडक्या गढीची माती बैलगाडीनं शेतात न्यायला लागले. बाभळी तोडून वाळत घातल्या. वैजीनाथ तर नाचत होता, आपल्याला वेगळी खोली मिळणार म्हणून. जेवताना बापलेकांचं एकच बोलणं, कडबा कुठं रचायचा अन् बैलं किती बांधायची. मी वाढायचे, ते खायचे. माझ्या मनातलं घर माझ्यापुढं बसून दुसरेच बांधायलेत, अन् मला कुणी विचारीत न्हाई, की धुरपदे, तुला काय वाटतं.

एक दिवस पारूनं भांडी निवडायला काढली. लय गुणाची पोर, तिचा काही दोष न्हवता. एकीकडं मोठी परात, हंडे, कढई. दुसरीकडं एक तवा, एक तांब्या अन् एक ताटली. म्हणाली, "आत्याबाई, तुमाला एवढं पुरंल का?"

मी त्या तव्याकडं बघितलं अन् माझं डोकंच फिरलं. पुरंल की, म्हणले, तांब्या बी कशाला ठेवतीस, मी ओंजळीनं पिते. पोर घाबरून रडायला लागली. मंग मलाच तिची समजूत काढावी लागली, अन् माझी काढायला कुणी न्हाई. त्या तव्यानं मला कळलं, हा काही रुसवा राहिला न्हाई. ही माणसं खरंच जायलेत. मी ह्या घरात एकटी एक भाकर थापून खाणार, अन् तिकडं लिंबाखाली हे बोलायला लागतील, अन् ऐकायला मी असणार न्हाई.

तुमी म्हणाल, मंग तोंड उघडून सांगायचं, मी येते म्हणून. वा रे वा! ताटात न पडलेला लाडू कुणी मागून खातं का? न विचारता जाणं म्हणजे सुनेच्या घरी आश्रयाला जाणं. ते माझ्यानं होणार न्हवतं. मेले असते, पण गेले नसते.

चैतात पारू माहेरी गेली, पाथरीला, पहिल्या बाळंतपणाला. म्हणून शेतावर भाकरी न्यायचं काम माझ्याकडं आलं. मी डोक्यावर टोपलं घेऊन वढा वलांडला अन् बरडावर चढले. बघते तर काय, समद्या बरडावर पांढऱ्या रेघाच रेघा. सरळ, आडव्या, चौकोनच्या चौकोन. जवळ जाऊन बोट लावलं तर राख. माझ्या चुलीची राख! भांडी घासायला मी मडक्यात भरून ठेवायची, अन् ती कुठं गायब व्हायली म्हणून पारू माहेरी जायच्या आधी मी तिलाच बोलत होते. ती ह्या लेकांनी इथं आणून वतली होती.

मी रागानं तशीच पुढं गेले, तर वैजीनाथ वरडला, "माय, तू भिंतीतून आलीस! दार तिकडं हाय."

मी मागं फिरले अन् दारातून आत आले. दार उगवतीला होतं. भुजंगनं टोपलं उतरून घेतलं अन् मला घर दाखवायला लागला. ही वसरी, हे माजघर. दाराच्या उजव्या अंगाला त्यानं एक गोल काढला होता, म्हणाला, हे जातं. मागच्या अंगाला चूल होती, धूर बाहेर जाईल अशी. खालच्या उताराला गोठा. मी जे त्या खोपीत बसून बोलले होते, ते समदं जिथल्या तिथं. म्हणजे ह्यांना शब्दन् शब्द आठवत होता. इतक्या वरसांत एकदा तोंडातून काढला न्हाई, पण आठवत होता.

अन् त्यानंच माझा जीव जास्त जळाला. ही खोली पारूची अन् भुजंगची. ही वैजीनाथची, लगीन झाल्यावर लागंल म्हणून. इथं ज्वारीची कणगी, इथं बैलांची दावण, इथं म्हैस, इथं तिचं रेडकू. अहो, रेडकाला जागा होती. कोंबड्यांचं खुराडं आखलेलं होतं. मी घर माझं म्हणून एकेक चौकोन बघत फिरले. समदं माझंच होतं, फक्त मी कुठं न्हवते.

देव कुठं, म्हणून विचारलं. भुजंग म्हणाला, देव तुझ्यापाशीच राहतील ना माय, गावात. मी हो म्हणले. मला माझी जागा कुठं म्हणून विचारायचं होतं, पण जीभ वळंना. मंग मी वाकडी वाट धरली. म्हणलं, ह्यांची बाज कुठं पडती ते बघावं. ह्यांच्या बाजंपाशी वीतभर जागा असंल तर ती माझी असं मनाशी म्हणता तरी येईल.

"तुझ्या बापाची बाज कुठं टाकलीस?" मी विचारलं.

भुजंगनं वैजीनाथकडं बघितलं. वैजीनाथनं खाली बघितलं. मंग भुजंग म्हणाला, "ते त्यांनाच विचार."

हे लिंबाखाली दोर वळीत बसले होते. मी तिकडं गेले. इथं ना खांब होता ना कुणी. तरी ह्यांनी वर बघितलं न्हाई, दोराकडंच बघत राहिले. मी विचारलं, तुमची जागा कोणती ह्या घरात?

"माझी बाज हाय तिथंच राहू दे," हे म्हणाले. "गावातल्या वसरीत."

मला कळलंच न्हाई. मी म्हणले, म्हणजे? मंग हे घर कुणाचं?

"पोरांचं. पोरं राहतील इथं. मी सकाळी येत जाईन अन् सांजच्याला परत." मंग दोर वळता वळता म्हणाले, "तू येत न्हाईस म्हणलीस. मंग मी इथं येऊन कुणाशी बोलू?"

मी तिथंच बसले. हा माणूस माझ्या बोलण्याचं घर बांधायलाय, उन्हात राबायलाय, माती वाहायलाय, अन् त्यात सोता राहणार न्हाई, कामून तर मी येणार न्हाई म्हणून. अन् मी इकडं महिनाभर जळत बसले, की हे मला टाकून जायलेत. मला रडू आवरंना. राग बी आवरंना. दोन्ही संगंच आलं.

मी म्हणले, "अवं, मंग मला परत विचारायचं होतं की!"

"विचारलं होतं."

"एकदाच?"

हे माझ्याकडं बघायला लागले. त्या खोपीनंतर पहिल्यांदा असं सरळ तोंडाकडं बघितलं. बिचाऱ्यांना खरंच ठाऊक न्हवतं. आयुष्यात ज्या माणसानं दुसऱ्यांदा लाडू मागितला न्हाई अन् कुणी हात आडवा केला तर वाढला न्हाई, त्याला काय कळणार? न्हाई म्हणजे न्हाई असंच समजायचा तो. ह्यांनी दोर खाली ठेवला. हात धोतराला पुसले. अन् दोन्ही पोरं बघायलेत, तरी मोठ्यानं विचारलं, "येतीस का?"

अन् माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई."

निघालंच! इतक्या वरसांची सवय. मी ठरवून म्हणले न्हाई. ह्यांचं तोंड असं उतरलं की काय सांगू. खाली वाकून दोर उचलायला लागले. मला वाटलं, आता हा दोर ह्यांच्या हातात गेला की संपलं समदं. ह्यांचं घर गेलं, माझं बी गेलं. मी ह्यांचं मनगट धरलं. पोरांदेखत. बाईनं असं करायचं नसतं तव्हा, पण धरलं.

"अजून एकदा विचारा," मी म्हणले. "माझ्यासाठी एकदा विचारा."

ह्यांनी दोर तिथंच राहू दिला. मंग हळूच विचारलं, "येतीस का, भुजंगच्या माय?"

"येते."

पदर डोळ्याला लावायचं मी ठरवलं होतं, ते ध्यानातच राहिलं न्हाई. डोळे तसेच वाहत होते.

पोरं लगीच कामाला लागली. वैजीनाथनं माजघराच्या मावळतीकडची रेघ पायानं पुसून टाकली. भुजंग राखेचं मडकं घेऊन आला अन् विचारायला लागला, खोली किती लांब धरू? वावभर, दोन वाव? मी म्हणले, मला तुझं माप कळत न्हाई, तुझा बाप पाय पसरून निजला पाहिजे, गावातल्या वसरीत ह्यांचे पाय बाजंच्या बाहेर लोंबतात. अन् मंग ह्यांनी जे केलं ते मी ह्या जन्मात विसरणार न्हाई. हे उठले, त्या चौकोनात गेले, डोक्याचा पटका काढून बाजूला ठेवला, अन् भर दुपारी, धुळीत, पोरांपुढं उताणे आडवे झाले. हात पोटावर, डोळे मिटलेले. वैजीनाथ खदखदा हसायला लागला. भुजंगनं तोंड फिरवलं, पण त्याचे बी खांदे हलायले होते. ह्यांनी डोळे न उघडताच मला हाक मारली, "आता मार की रेघ. ऊन लागायलंय."

मी भुजंगच्या हातातलं मडकं हिसकून घेतलं. ह्यांच्या टाचंपासून एक हात जागा सोडली, अन् तिथं मी माझ्या हातानं रेघ ओढली. वाकडीच आली. भुजंग म्हणाला, सरळ करतो. मी म्हणले, खबरदार हात लावलास तर.

तर आखाडा कुणी बसवला, ते तुमीच ठरवा आता. माती वाहिली ती भुजंगनं, ते मी नाकारीत न्हाई. पुढच्या पावसाळ्याच्या आत आमी इथं आलो, देवासगट. ह्या खोलीत हे मरेपर्यंत निजले, अन् रोज काही ना काही बोलून निजले. बैलाचं, पावसाचं, कुणाच्या तरी लग्नाचं, काही बी. कधीकधी मीच म्हणायचे, पुरे आता, झोपू द्या. आता त्या बाजंवर मी एकटी निजते, अन् माझे पाय काही त्या भिंतीपर्यंत पोचत न्हाईत.